मऊ आवाज

दिवाळी आली की आमच्या घरात दोन गोष्टी न चुकता होतात. आप्पा, म्हणजे माझे वडील, माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यातून आकाशकंदिलाची दोरी काढतात. आणि आमचे चिरंजीव पुण्याहून माझ्यासाठी एखादी नवी काळजी घेऊन येतात. गेल्या दिवाळीची काळजी दोन चाकांची होती. पगारातून हप्ते फेडण्याच्या बोलीवर घेतलेली शर्यतीच्या घाटाची मोटारसायकल; रंगाने निळी, अंगाने पुढे झुकलेली आणि बसणाऱ्याला सदैव कोणाच्या तरी पाया पडायला लावणारी. पुण्याहून सोलापूरपर्यंतचे अडीचशे किलोमीटर हा मुलगा तसा वाकून आला. माझ्यापुढे तो कधी इतका वाकल्याचे मला आठवत नाही.

यंदाची काळजी त्याच गाडीच्या शेपटीत निघाली.

“बाबा, सायलेन्सर बदलावा म्हणतोय,” चकली मोडता मोडता तो म्हणाला.

“का रे? बिघडला?”

“नाही. चांगला आहे. फारच चांगला आहे. आवाजच येत नाही.”

मी मास्तर माणूस. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. चित्रकलेच्या परीक्षांनी हात दिला म्हणून एका शाळेत पोरांच्या हाती रंग देऊन पोट भरतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. वीस-बावीस वर्षे ज्याने ‘आवाज बंद!’ या दोन शब्दांवर संसार चालवला, त्याच्याकडे मुलाने येऊन आवाज नसल्याची तक्रार करावी, ही थट्टा नाही तर काय? आमच्या सौ.नी करंज्यांच्या परातीवरून माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ ‘तुम्ही नाही म्हणा’ असा होता. पण मला नाही म्हणता आले नाही. एक तर पैसे त्याचे. दुसरे, या बाबतीत नाही म्हणण्याचा अधिकार मी फार पूर्वीच घालवून बसलो आहे. ते कसे, ते पुढे येईलच. मी एवढेच म्हणालो, “चल, सात रस्त्याला जाऊन बघून तरी येऊ.”

सोलापुरात ‘सात रस्ता’ म्हटले की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. पण ते सात रस्ते कोणते, असे विचारा, म्हणजे भांडण लागते. रंगभवनाकडून येणारा एक, विजापूर रस्त्याकडे जाणारा एक, होटगी रस्त्याकडे वळणारा एक, इथपर्यंत सगळ्यांचे एकमत असते. पुढे कोणी गल्ल्या धरतो, कोणी सोडतो. मी लहानपणापासून मोजतो आहे. माझे कधी सहा भरतात, कधी आठ. रात्री पुण्यामुंबईच्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या येथे थांबतात, वळकट्या आणि चादरींचे गठ्ठे चढतात, आणि त्या गर्दीतून वाट काढणाऱ्या मोटारसायकलींना आपण आहोत हे जगाला ओरडून सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्याच बाजूच्या एका बोळात आमच्या ओळखीच्या मिस्त्रींचे गॅरेज आहे. पांढरी दाढी, काळे हात. मला ते मी साइनबोर्ड रंगवीत होतो तेव्हापासून ओळखतात. त्यांच्या दुकानाची पहिली पाटी माझ्या हातची. चिरंजिवांनी मोबाइलवर केलेली यादी वाचून दाखवायला सुरुवात केली तशी त्यांनी हात वर केला आणि भिंतीकडे बोट दाखवले. भिंतीवर खुंट्यांना नळकांडी टांगलेली होती; खाटकाच्या दुकानात टांगावीत तशी म्हणणार होतो, पण दिवाळी आहे.

खोटे कशाला बोलू, मला ती आवडली. काही स्टेनलेस स्टीलची, आरशासारखी. काही कार्बन फायबरची, काळी, आत बारीक वीण दिसणारी. आमच्या सोलापुरी डोळ्याला पहिली ओळख विणीचीच पटते. आणि एक टायटॅनियमचे. पोलादाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा हा धातू तापला की त्याच्यावर एक पातळ साय धरते आणि त्या सायीच्या जाडीप्रमाणे उजेड फुटून रंग दिसतात. आधी सोनेरी, मग जांभळा, मग निळा. त्यात कोणी रंग कालवलेला नसतो. पाण्यावर तेलाचा थेंब पडावा तसा तो रंग. मी ते नळकांडे हातात घेऊन इतका वेळ फिरवत राहिलो की मिस्त्रींना वाटले गिऱ्हाईक मीच आहे.

“हे नकली आहे, मास्तर,” ते शांतपणे म्हणाले. “वरती नाव बघा.”

नाव स्लोव्हेनियातल्या अक्रापोविचचे होते. इगोर अक्रापोविच हा स्वतः मोटारसायकलींच्या शर्यतीतला गडी. १९९० च्या सुमारास त्याने नळ्या करण्याचा कारखाना काढला आणि आज जगातले मोठमोठे शर्यतवाले त्याच्या नळ्या लावून धावतात. जपानात योशिमुरांनी आपला उद्योग १९५४ मध्ये सुरू केला होता. अशा नळीची किंमत ऐकून मी ती खुंटीवर परत ठेवली. नकलेची किंमत ऐकून मात्र चिरंजिवांचे डोळे चमकले. मिस्त्री म्हणाले, “अक्षरं झकास काढलीत बघा. तुमच्या हाताखाली शिकलेला असंल कुणी.”

मग खरी निवड सुरू झाली. तुमच्या घरातही एखादा असा चिरंजीव असेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत सगळीच नळी बदलायची, की शेवटचा डबा तेवढा काढून दुसरा बसवायचा, हा पहिला प्रश्न. पहिल्या प्रकाराला ही पोरे ‘फुल सिस्टिम’ म्हणतात, दुसऱ्याला ‘स्लिप-ऑन’. सगळी नळी बदलली की वजन घटते आणि धुराला वाट मोकळी होते. पण २०२० च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना जे धुराचे कडक नियम लागले, त्यांच्यासाठी नळीत एक जाळीदार गाळणे बसवलेले असते. विषारी वायू त्याच्यातून जाताना निवळतात. बऱ्याच गाड्यांत पुढची नळी काढली की हे गाळणेही जाते. शिवाय वायूत प्राणवायू किती उरला हे हुंगणारा एक सेन्सर तेथेच असतो. त्याच्या निरोपावरून गाडीचा छोटा मेंदू पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो. नळी बदलली आणि मेंदूला सांगितले नाही, तर तो जुन्याच हिशेबाने वाढत राहतो. पाहुणे गेल्यावरही तेवढ्याच पोळ्या लाटणाऱ्या गृहिणीसारखा.

“आणि ताकद किती वाढेल?” चिरंजिवांनी विचारले.

मिस्त्रींनी ताणकाटा आणला. कंपनीचा डबा एका गाडीचा काढलेला पडला होता, तो टांगला. मग स्टीलचा नवा टांगला. दोनएक किलोंचा फरक पडला. “ताकद ही एवढी,” ते काट्याकडे दाखवून म्हणाले. “तुमचं इंजिन एकशेपंचावन सीसीचं. नुसता डबा बदलून अर्धा घोडा मिळाला तर मिळाला. त्यापेक्षा सकाळी एक भाकर कमी खावा. बाकी सगळा आवाज.”

मला हे ऐकून आनंद झाला आणि चिरंजिवांना काहीच झाले नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आले की ताकदीचा विषय त्याने माझ्यासाठी काढला होता. त्याला आवाजच हवा होता. मोटारसायकल दहा हजार फेऱ्यांवर गेली की चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमधून मिनिटाला पाच हजार स्फोट होतात, सेकंदाला ऐंशीच्या वर. सायलेन्सर त्यांना गिळतो. आत भोके पाडलेल्या नळ्या आणि कप्पे असतात. आवाजाची लाट कप्प्याच्या भिंतीवर आपटून परत येते आणि मागून येणाऱ्या लाटेला भिडून दोघी विरतात. नव्या डब्यात कप्पे नसतात. सरळ भोकाळ नळी आणि भोवती काचेची लोकर. तोंडाशी मात्र एक लहान अडसर स्क्रूने आवळलेला असतो. त्याला ‘डीबी किलर’ म्हणतात. हा अडसर ठेवला तर गाडी घुमते, काढला तर किंचाळते. आमच्या चिरंजिवांना अर्थात तो काढलेलाच हवा होता.

सायलेन्सर हा शब्द बंदुकीलाही लागतो. त्याची कथा मी मुलांना चित्रकलेच्या तासाला, इन्स्पेक्टर नसतील तर, सांगतो. हायरम मॅक्झिम याने १८८० च्या दशकात मशीनगन तयार केली आणि वर्षानुवर्षे तिच्या आवाजाजवळ राहून तो ठार बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम याने विसाव्या शतकाच्या आरंभी बंदुकीला लावायचा सायलेन्सर काढला. पुढे तेच तत्त्व त्याने इंजिनांच्या नळ्यांनाही लावले. बापाच्या कानांना मात्र त्याचा उपयोग व्हायचा नव्हता. ही गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे. त्या दिवशी गॅरेजात ती माझ्या ओठांवर आली आणि मी गिळली.

त्याऐवजी मी कायदा काढला. बापांना दुसरे काही सुचले नाही की ते कायदा काढतात. ऐंशी ते एकशेपंचाहत्तर सीसीच्या मोटारसायकलीने कारखान्यातून बाहेर पडताना ७७ डेसिबलच्या वर आवाज करू नये, असा नियम आहे. आणि डेसिबलचा हिशेब बाजारातल्या हिशेबासारखा सरळ नसतो. आकडा दहाने वाढला की आवाजाची शक्ती दहापट होते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीची मूळ ठेवण बदलता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि परवाना तीन महिने बाद. राज्यातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी असले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून वरून रोड रोलर फिरवला आहे.

“म्हणूनच स्वस्त घ्यावा,” चिरंजीव म्हणाले.

मिस्त्री हसले. “नळकांड्यापायी भांडण आपल्या गावाला नवं हाय का, मास्तर?” आणि ते खरेच होते. होटगी रस्त्यावरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची नव्वद मीटरची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून वर्षानुवर्षे मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. १५ जून २०२३ रोजी ती पाडली तेव्हा निम्मे गाव गच्चीवर उभे होते. काही टाळ्या वाजवीत होते, काही डोळे पुसत होते. विमान उडायला पुढे २०२५ उजाडले.

शेवटी असे ठरले की स्टीलचा डबा, अडसर काढून, एका रात्रीपुरता लावून बघायचा. पटला तर पैसे, नाही तर सकाळी परत. मी हो म्हणालो, कारण मला वाटले, घरी आवाज ऐकून सौ. आणि शेजारीपाजारी माझे काम करतील.

गाडी आमच्या गल्लीत शिरली तेव्हा कावळे उडाले. शेजारच्या काकूंनी रांगोळीवरून मान वर केली आणि पाठोपाठ त्यांचे तान्हे नातवंड रडू लागले. सौ. दारात आल्या, कमरेवर हात ठेवून. कट्ट्यावर आप्पा बसले होते. कानातले यंत्र नेहमीप्रमाणे कपाटात; ते फक्त लग्नाकार्याला घालतात, उपरण्यासारखे. चिरंजिवांनी अॅक्सिलरेटर दोनदा पिळला. काकूंच्या खिडकीचे तावदान थरथरले. मग तो आप्पांच्या समोर जाऊन, ओठ दिसतील असा वाकून म्हणाला, “आप्पा, आवाज कसा आहे?”

आप्पांनी नातवाकडे कौतुकाने बघितले, गाडीकडे बघितले आणि म्हणाले, “चांगला आहे रे. मऊ आहे.”

चिरंजीव खो खो हसले. सौ.सुद्धा हसल्या. मला मात्र कट्ट्याचा आधार घेऊन खाली बसावे लागले. कारण हा शब्द मी पूर्वी ऐकला होता.

१९९९ सालची गोष्ट. मी विशीत होतो. पाट्या रंगवून साठवलेल्या पैशांतून मी यामाहा आरएक्स १०० घेतली, अर्थात जुनी. नवी निघणे तीन वर्षांपूर्वीच बंद झाले होते. ९८ सीसीची ती टू-स्ट्रोक गाडी ज्यांनी चालवली आहे त्यांना मी काय सांगावे! तिच्या सायलेन्सरच्या शेपटीत एक भोकाळ नळी असे, जाळी म्हणत तिला. एक छोटा बोल्ट काढला की ती हातभर बाहेर येई. काजळी साफ करण्यासाठी ती सोय होती. आम्ही ती जाळी साफ केली आणि परत घातली नाही. याच सात रस्त्याला, याच मिस्त्रींच्या हातून. मग ती गाडी जी तडतडू लागली, ती सदर बझारात पेटवली तर आमच्या चाळीत कळे.

आप्पा तेव्हा अशोक चौकाकडे एका यंत्रमागाच्या कारखान्यात रात्रपाळीला होते. सकाळी येत, आंघोळ करून झोपत आणि दुपारी दोनला उठत. मी रोज नऊ वाजता त्यांच्या खिडकीखाली किक मारी. चाळीतल्या सगळ्यांनी माझा उद्धार केला. समोरचे एक काका तर काठी घेऊन उतरले होते. आप्पा मात्र चकार शब्द बोलले नाहीत. लहानपणी शीळ घातली म्हणून ज्यांनी मला उपाशी झोपवले होते, ते आप्पा! मी मनाशी म्हणालो, पोराने स्वकष्टाची गाडी घेतली याचा त्यांना अभिमान आहे. बोलून दाखवीत नाहीत एवढेच. मित्रांना मी हे चहाच्या टपरीवर पुन्हापुन्हा सांगितले. बाप असावा तर असा.

त्या दिवाळीत एका सुट्टीच्या सकाळी ते अंगणात येऊन गाडीपाशी उभे राहिले. मी त्यांना दाखवायला म्हणून गाडी पेटवली आणि मुद्दाम पिळली. त्यांनी मान डोलावली. “बरी घेतलीस,” ते म्हणाले. “आवाज मऊ आहे.”

मी हसलो. टोमणा असणार. पण आप्पांना टोमणे मारता येत नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. तिथे टोमणा नव्हता.

यंत्रमागाच्या शेडमध्ये धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे आपटतो, आणि असे कितीतरी माग एका छपराखाली. नव्वद डेसिबलच्या आवाजात आठ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, असा कारखान्यांचा नियम आहे. तो आप्पांना कोणी सांगितला नव्हता. त्यांच्याकडे कापसाचे बोळे होते, तेही घामाने पडत. अशा आवाजाने कान एकदम जात नाही. आधी बारीक, तीक्ष्ण स्वर जातात. स, श, च, ट ही अक्षरे जातात. ‘चहा’ म्हटले की ‘हा’ तेवढा उरतो. कानाच्या आतले जे बारीक केस आवाज टिपतात ते एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत. माझ्या गाडीची सगळी तडतड आप्पांच्या कानाबाहेरच राहत होती. आत पोचत होती ती नुसती घरघर. त्यांनी मला कधीच माफ केले नव्हते. त्यांना ऐकूच येत नव्हते. आणि त्यांचे वय तेव्हा होते एकोणपन्नास. माझ्या आजच्या वयाहून तीन वर्षे जास्त.

मी जाळी परत बसवायची ठरवली आणि ती सापडेना. ट्रंका पाहिल्या, रंगांचे डबे पाहिले. आठ दिवसांनी आकाशकंदील उतरवताना आप्पांच्या हातात ती दिसली. मागावरचा माणूस, भोकाभोकांची नळी पडलेली पाहून त्याला कांडीच आठवणार! त्यांनी तिच्यावर कंदिलाची दोरी अशी देखणी गुंडाळली होती की कुठे फेर चुकलेला नाही. ती मागायला माझी जीभ रेटली नाही. सात रस्त्याला जाऊन मी दुसरी विकत आणली.

यातले मी चिरंजिवांना कट्ट्यावर बसून सांगितले, सगळे नाही, ‘मऊ’पर्यंतचे. त्याने गाडीची किल्ली केव्हा फिरवली ते मला कळले नाही. “मला वाटायचं, म्हातारपणानं गेले त्यांचे कान,” एवढेच तो म्हणाला, आणि आप्पांना आत घेऊन गेला. फराळ आप्पांना मानवत नाही, भाकरीच लागते.

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. मान वर केली तर तो समोर उभा. गाडी दाराशी कधी येऊन थांबली मला पत्ता नव्हता.

“कंपनीचाच बसवला परत. मिस्त्रींनी गॅस्केटचे आणि मजुरीचे घेतले.”

“आणि तो?”

“कोइम्बतूरला शर्यतीचा ट्रॅक आहे. तिकडे कधी गेलो तर बघू.” म्हणजे हौस गेली नव्हती. जावी असे मलाही वाटत नव्हते. आणि खरे सांगायचे तर ते नकली टायटॅनियमचे नळकांडे अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. तसा निळा मला कागदावर कधी जमलेला नाही.

संध्याकाळी आप्पांनी पत्र्याचा डबा उघडला. स्टुलावर चढायचे काम आता नातवाचे. दोरीचे टोक धरून तो वर चढला आणि खाली आप्पा कांडी दोन्ही तळहातांत धरून फिरवीत राहिले. सर सर दोरी सुटत गेली, शेवटचा फेर संपला आणि उघडी नळी त्यांच्या हातात राहिली. दिव्याच्या उजेडात तिच्या भोकांची ओळ चमकली. चिरंजीव वरून टक लावून बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी कंदिलाकडे.

“आप्पा, हे काय आहे?” तो ओठ हलवून म्हणाला.

“कांडी आहे,” आप्पा म्हणाले. “जुनी आहे, पण तेल प्यालेली आहे. गंजत नाही.”